खालचे चौदा दात

कारागिरानं आपल्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही. शहरातले सगळे दंतवैद्य त्याला नुसतं 'कारागीर' म्हणत, कारण त्यांच्याकडच्या कवळ्या याच्याच हातच्या. डॉक्टरनं तोंडाचा ठसा पाठवायचा, यानं त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा आणि साच्यावर गुलाबी हिरडी चढवून एकेक दात बसवायचा. त्यात त्याची एक खोड होती. खालच्या पुढच्या चार दातांतला डाव्या टोकाचा दात तो मुद्दाम किंचित तिरका बसवी. "सरळसोट दात खोटे वाटतात," म्हणायचा. रस्त्यात कुणी म्हातारा हसला की हा लांबूनच ओळखायचा, माल आपला आहे म्हणून.

घरात त्याची दुसरी मिजास म्हणजे खाऱ्या पाण्याची फिशटँक. मधल्या खोलीत, सासूबाईंच्या कॉटसमोर, भिंतभर काच. पाण्यात मीठ किती, ऊब किती, हे तो दिवसातून तीनदा मोजायचा. बायकोच्या आईनं सकाळपासून काय खाल्लं, हे मात्र त्यानं चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

खाणार तरी काय बिचारी? वरचे दात तिचे स्वतःचे होते, खालचा एकही नव्हता. खाली जावयानं केलेली कवळी होती. चार महिन्यांपूर्वी पाहुण्यांच्या पंगतीत म्हातारी हसत म्हणाली होती, "जावईबापूंची कवळी झकास आहे हो, फक्त बोलताना टकटक वाजते. मला वाटतं, कुणी दारच वाजवतंय." पाहुणे खो खो हसले. कारागीरही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं 'दुरुस्त करतो' म्हणून कवळी काढून घेतली आणि हातोडीनं तिचे तुकडे केले. नवी दोन दिवसांत तयारही झाली, चौदाच्या चौदा दात बसवून. ती त्यानं कागदात गुंडाळून कामाच्या खोलीतल्या खणात कुलपात टाकली. जरा भूक कळू दे, म्हणजे जीभ ताळ्यावर येईल. खणाची किल्ली त्याच्या खिशात असे.

तेव्हापासून म्हातारी पेजेवर होती. तिचे गाल आत गेले, मनगटं काडीसारखी झाली. दिवसभर ती फिशटँकसमोर बसून राही.

माशांची गडबड सुरू झाली ती त्याच सुमारास. आधी गोगलगायींचे रिकामे शंख तळाशी दिसू लागले, मग पिवळा मासा अर्धाच सापडला. दुकानातून आणलेल्या सच्छिद्र खडकाला मागच्या बाजूनं मुठीएवढं भोक होतं, आणि त्यात काहीतरी राहत होतं. विजेरी मारली की फिकट, ओलसर काहीतरी मागे सरके. डोळा दिसत नव्हता, नांगीही नव्हती.

कारागिरानं फोटो काढून शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. कुणी म्हणालं खेकडा, कुणी वाम, कुणी म्हणालं हातभर लांबीचा समुद्री किडा. एकानं लिहिलं, "फोटो हलला आहे. तुमचा हातही हलतोय का?" त्यावर पंचवीस जणांनी दात काढले. कारागीर दातओठ खात म्हणाला, "गाढवांनो, आता मीच ओळखून दाखवतो."

"अहो, आईच्या कवळीचं काय झालं?" बायकोनं दारातून विचारलं. तिनं आता महिन्याचं विचारणं आठवड्यावर आणलं होतं. "काल डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ती पावसाळा काढणार नाही."

"आधी हा जीव ओळखू दे. मग तुझ्या आईचं."

"ती जीव नाही का?" बायको म्हणाली आणि पेज ढवळायला निघून गेली.

ओळखायची युक्ती त्याला धंद्यानंच सुचवली. चावणाऱ्याला चेहऱ्यावरून कशाला ओळखायचं, चाव्यावरून ओळखावं. त्यानं मऊ मेणाची पट्टी मळली, कोळंबीभोवती गुंडाळली आणि काडीला बांधून भोकात सरकवली. मोठा झटका बसला. काडी बाहेर काढली तर कोळंबी गायब होती आणि मेणात खालच्या बाजूनं दोन खुणा उमटल्या होत्या. वरची बाजू नुसतीच दबलेली होती, बोळक्या हिरडीनं दाबावी तशी.

त्या दोन खुणा चपट्या, रुंद आणि सरळ कडेच्या होत्या. खेकड्याला अशा खुणा करता येत नाहीत, वामीलाही नाही.

"भुकेलंय ते," म्हातारी कॉटवरून म्हणाली. खालचे दात नसल्यानं शब्द निसटत होते. "माझ्याशी बोलतं."

"काय म्हणतं?"

"माझ्यासारखंच. नीट बोलता येत नाही त्याला."

"छान. दोघं मिळून भजनी मंडळ काढा," कारागीर म्हणाला.

चार दिवसांनी त्यानं पुन्हा मेण दिलं. या वेळी खालच्या खुणा सहा होत्या. त्यानं मेणात प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, मेण सोलून काढलं आणि साचा खिडकीच्या उजेडात धरला. ते सहाही माणसाचे दात होते. पुढचे चार, दोन्ही बाजूंना सुळे.

चारांतला डाव्या टोकाचा किंचित तिरका होता.

कारागिरानं साचा उलटसुलट करून पुन्हा पाहिला. मग त्याला बायकोचा संशय आला आणि जरा बरं वाटलं. किल्ली सापडली असणार हिला, आता माझीच चेष्टा चाललीय. तो तसाच उठला आणि खण उघडला. कुलूप जसंच्या तसं होतं, कागदाची घडीही त्यानं घातलेलीच. आत गुलाबी हिरडी होती आणि तिच्यावर आठ दात. पुढचे सहा नव्हते. त्यांच्या जागी सहा स्वच्छ खळगे, आणि प्रत्येक खळग्यात पाण्याचा थेंब. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट.

"अहो?" बायको दारात उभी होती. त्यानं खण धाडकन लोटला. "आईची कवळी होईल का हो या आठवड्यात? मी पाया पडते तुमच्या."

सहा दात बसवायला त्याला एक दुपार लागली असती. दातांचे डबे समोर फळीवरच होते. पण आता कवळी बाहेर काढली असती तर ती आधीपासूनच तयार होती हे बाहेर आलं असतं, आणि कारागीर तोंडावर पडला असता.

"दात संपलेत. मागवलेत," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं ओळखण्याचा नाद सोडला आणि राग काढायला घेतला. भोकात पिचकारीनं उकळतं पाणी मारलं. त्या दिवशी दोन निळे मासे उलटे तरंगले, भोकातलं मात्र हललंसुद्धा नाही. मग त्यानं पाणी उपसून खडक उघडा केला, वाडगाभर प्लास्टर घट्ट कालवलं आणि भोकात अंगठ्यानं दाबून दाबून भरलं. आत काहीतरी मऊ अंगठ्याला लागत होतं आणि मागे सरकत होतं. तो दाबतच राहिला.

म्हातारी काठी टेकत उठली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच आपणहून उठली होती.

"जावईबापू, असं कुणाचं तोंड बुजवू नका हो. उपाशी मरेल ते."

"मरू दे की."

"उपाशी मरायला वेळ लागतो," म्हातारी म्हणाली. "मी बघतेय ना."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या तोंडानंच हे सगळं झालंय."

म्हातारी काठी टेकत कॉटवर परत गेली. प्लास्टर दगडासारखं कडक झालं. त्यानं पुन्हा पाणी भरलं, हात धुतले आणि ग्रुपवर लिहिलं: विषय संपला.

सकाळी प्लास्टरचं बूच टाकीच्या तळाशी पडलं होतं.

कोपरापर्यंत हात घालून त्यानं ते बाहेर काढलं. कडक झालेल्या प्लास्टरमध्ये, मेणात उमटावी तशी, खालची सबंध कमान उमटली होती. चौदा दात. त्याला खण उघडून बघायची गरजच वाटली नाही.

त्यानं बूच उलटं केलं.

वरच्या बाजूला आज पहिल्यांदाच खूण होती. एकच. पुढचा, उजव्या बाजूचा दात, आतला कोपरा उडालेला.

असा एकच दात त्याच्या माहितीचा होता. वीस वर्षं कवळ्यांच्या पुड्यांचा दोरा दातानं तोडायची सवय असलेल्या माणसाचा.

त्यानं जीभ वर नेली.

दुखलं नव्हतं. रक्तही नव्हतं. जिभेला नुसती गुळगुळीत हिरडी लागली, आणि खारट चव.

दुपारी तो ताटावर बसला तेव्हा शेजारचा दातही गेला होता. बायकोनं पाव वाढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. कारागिरानं तोंड उघडलं नाही. पावाचा तुकडा मोडून ओठांपर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

समोर म्हातारी पेज पीत होती. तिनं त्याच्या मिटलेल्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनं आपला वाडगा दोन्ही हातांनी हळूहळू त्याच्यापुढे सरकवला.

"चावायला जायचं नाही," ती समजावत म्हणाली. "जिभेनं टाळूला दाबायचं आणि गिळायचं. चार महिन्यांत जमतं."

मधल्या खोलीतून, काचेमागून, टकटक ऐकू आली. दार वाजवावं तशी.

"बघा," म्हातारी म्हणाली, "बोलता यायला लागलं त्याला."