रिकाम्या लिफ्टचा भार

सकाळी डबा हातात देताना बायकोने बजावलं होतं, "काहीही करा, पण माझ्या भावाची नोकरी जाता कामा नये." आणि पंचाईत अशी, की दाजींना संशय त्या मेहुण्याचाच येत होता!

मोटर चालवणारे ड्राइव्ह दुरुस्त करण्यात दाजींची हयात गेली होती. कारखान्यातली मालाची लिफ्ट आठवडाभर अधेमधे अडकत होती. ड्राइव्ह जादा भाराचा अलार्म द्यायचा आणि मोटर बंद पाडायचा. लिफ्टवर मेहुणा. सुपरवायझर म्हणत होता, "पठ्ठ्या पोती जास्त कोंबतो, वर स्वतःही आत बसून जातो. तुम्ही फक्त हो म्हणा, उद्याच त्याला घरी बसवतो."

दाजींनी सगळी पोती उतरवली आणि लिफ्ट रिकामी उचलली. ड्राइव्हच्या पडद्यावर भाराचा आकडा शून्य यायला हवा होता. आला एका माणसाएवढा. ब्रेक घासतोय का पाहिलं, दोर तपासला, शेवटी स्टोअरमधला सुटा ड्राइव्ह आणून जोडला. आकडा तोच.

दाजी शेजारी उभ्या मेहुण्याकडे वळले. "खरं सांग, आत काय लपवलंयस?"

"आईशप्पथ दाजी, काही नाही."

पॅनेलच्या तळाशी एक कापलेलं कुलूप पडलं होतं. त्यावर मेहुण्याच्या नावाचा बिल्ला. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचं, असा तिथला नियम.

"हे कुणी कापलं?"

सुपरवायझरने नजर चुकवली. "मीच. गेल्या आठवड्यात हा खड्डा साफ करून वर आला आणि काढायला विसरला. माल खोळंबला होता हो!"

"वर आलेला पाहिलात?"

"नंतर चहाला होता की."

"काय दाजी तुम्ही पण!" मेहुणा हसला. "वर आलो नसतो तर इथे उभा असतो का?"

अलार्म त्याच दिवसापासून सुरू झाला होता.

ते स्वतः लिफ्टमध्ये उभे राहिले. वीतभर उचलली. आकडा वाढला. मग सुपरवायझर. वाढला.

"आता तू."

मेहुणा आत गेला. लिफ्ट उचलली.

आकडा ढिम्म हलला नाही.

दाजींनी लिफ्टखालच्या खड्ड्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. सुपरवायझरला ते एवढंच म्हणाले, "याचा काही दोष नाही. पोती कमी भरा." तो तोंड वाकडं करून निघून गेला. नोकरी वाचली.

"ताई खूश होईल," म्हणत मेहुणा दाजींच्या स्कूटरवर मागे बसला. स्कूटर जराही दबली नाही. एरवी दोघांना घेऊन धापा टाकणारी ती चढावर सुसाट निघाली. घर जवळ येत होतं, बायको दारात वाट बघत असणार होती. दाजींनी आरशाचं तोंड आभाळाकडे वळवलं.

"दाजी, सावकाश घ्या," मागून मेहुणा म्हणाला. "पडेन मी."