डोळे मीट

पांढरकवड्याच्या पुढे एक तांडा आहे. तिथे मी गेले ती भर दुपारी. उगाच रात्रबित्र सांगत नाही. कुष्ठरोग तपासणारी बाई मी. बावीस वर्षं हेच काम, आणि त्याचा थोडा तोराही होता मला.

आमची तपासणी साधी. पेशंटने डोळे मिटायचे, आपण चट्ट्यावर पेनचं टोक अलगद टेकवायचं, त्याने त्याच जागी बोट ठेवायचं. बोट आलं नाही तर तिथली जाणीव गेली. डोळे उघडे असले की माणूस पेन बघूनच 'कळते' म्हणतो. चार वर्षांपूर्वी याच घरात सुखीबाईला मी डोळे मिटायला सांगितलंच नाही. घाई होती. कागदावर 'संवेदना आहे' लिहिलं नि निघाले. पुढे चुलीत हात भाजला तरी तिला समजलं नाही. जखम सडली, त्यातच ती गेली. ते मला अजून आतून खातं.

आता तिची मुलगी अर्पिता समोर बसली होती. दंडावर फिकट चट्टा. या वेळी चुकायचं नव्हतं.

"डोळे मीट, बाळा."

चट्ट्याबाहेर पेन टेकवलं, बोट बरोबर आलं. चट्ट्यावर टेकवलं... काही नाही. तीनदा करून पाहिलं. रोग होता, पण वेळेत सापडला होता. गोळ्या नीट घेतल्या तर पोर बरी होणार होती. मला हायसं वाटलं. पेन उचलून कागद भरायला घेतला.

अर्पिताने खांद्यावर बोट ठेवलं. मग गळ्यावर. मग गालावर.

"अगं, मी नाही लावत आता..."

"लावून तर राह्यल्या, म्याडम," ती डोळे मिटूनच म्हणाली. "गार लागते."

विझलेल्या चुलीकडून जळक्या कातडीचा वास आला.

"डोळे उघड," मी कशीबशी म्हणाले.

तिने उघडले. पण ती माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत होती. आणि हसत होती.

"याडी आली!" आईला ते लोक याडी म्हणतात. "आता तुमची तपासणी करून राह्यली, म्याडम. मानेवर बोट ठेवलं तिनं... तुमाले कळून नाही राह्यलं का?"

मी मानेमागे हात नेला. बोटांना राख लागली.

मानेला मात्र माझ्याच बोटांचा स्पर्श कळला नाही.