पत्र्यापलीकडची खुर्ची

ज्या दिवशी मोटरच्या कारखान्यातलं वाइंडिंगचं खातं बंद होणार हे कळलं, त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी अभिनंदन करायला दारात उभे होते! परदेशाशी झालेला व्यापार करार सरकारने नव्याने ठरवून घेतला होता, आणि बोलणी करणाऱ्यांत या खात्यातल्या म्हाताऱ्या वाइंडरची मुलगी होती. तिच्यामुळेच करारात मजुरीचं कलम आलं होतं: मोटर जुळवणाऱ्याला ठरलेली मजुरी मिळत असेल, तरच मोटर तिकडे जकातीशिवाय जाणार. म्हातारा हसून हात जोडत होता आणि आतून नुसता धुमसत होता.

कारण मालकाने त्या कलमातून वाट काढली होती. शेडच्या मधोमध त्याने पत्रा ठोकला. पलीकडे जुळणी आणि वाढलेली मजुरी. अलीकडे तांब्याची तार गुंडाळून कॉइल भरणारे, त्यांचं काम बंद. कॉइल आता बाहेरच्या देशातून स्वस्तात येणार होत्या.

आणि चिडायचं तरी कोणावर? "मोटर जिथे पुरी होते, तिथली मजुरी धर," असं मुलीला त्यानेच सांगितलं होतं. एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना त्याचा संसार झाला होता. तो कॉइल भरून सरकवायचा, बायको मोटर जुळवायची... त्या टेबलावर कधी पत्रा उभा राहील, हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

बायको गेल्यापासून तिची खुर्ची रिकामी होती. सर्वांत जुना म्हणून मालकाने ती त्याला देऊ केली. त्याने ती सुनेला द्यायला लावली. तीही वाइंडरच, आणि पदरात दोन लहान पोरं. स्वतः खोकी चिकटवायला गेला, अर्ध्या पगारावर. मुलीला कळू द्यायचं नाही, अशी सुनेला शपथ घातली.

मुलगी घरी आली ती आनंदातच.

"बाबा, निर्यात वाढली, व्यापारातली तूट घटली. तुमचा पगार किती वाढला?"

"वाढला. जेव आता."

सुनेने डाव भांड्यात आपटला. "ताई, मी शपथ मोडते. बाबा खोकी चिकटवतात. त्यांच्या हक्काच्या खुर्चीवर मी बसते."

"तू गप गं."

"किती दिवस गप बसू? घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

मुलीने सगळं ऐकलं. हातातला घास तसाच राहिला. "कॉइल बाहेरून येतायत? मग तूट कसली घटली... बाबा, मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुझ्या बापानेच तुला अर्धवट शिकवलं, हे?"

"करार झाला नसता तर अख्खा कारखाना बंद पडला असता, बाबा."

"ठाऊक आहे. म्हणून तर धड चिडताही येत नाही."

मुलीचे डोळे भरून आले. "आईच्या खुर्चीवर वहिनी बसते?"

"बसते. आणि तुझ्या आईपेक्षा सफाईने जुळवते." त्याने भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाठ फिरवून आवाज खाली आणला. "तिच्यासमोर बोलू नकोस."

मुलगी रडता रडता हसली. तिने खरकटा हात तसाच ठेवून डावा हात बापाच्या खांद्यावर ठेवला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

कराराच्या बोलण्यांच्या पुढच्या फेरीत कलमात कॉइलची मजुरीही मागायची, असं तिने कबूल केलं. ती फेरी अजून झालेली नाही. पत्रा जागच्या जागी आहे.