तिसऱ्या रांगेतला चौतिसावा

"जगातली कुठलीही ताकद आमचा एकही माणूस फोडू शकत नाही!"

मार्च १९८५. शनिवार. तुर्भ्याच्या कारखान्याच्या गेटवर युनियनचे सेक्रेटरी रावसाहेब असे गरजले.

सोमवारी सकाळी कामगारांतला सुभाष राजीनामा टाकून उलव्याला सासुरवाडीला गेला. जाताना म्हणाला, भाषण झकास झालं.

ही गोष्ट खरी आहे. रावसाहेब आमच्या आत्याचे यजमान. हल्ली जुईनगरला असतात, आणि युनियन सोडल्यापासून खोटं बोलत नाहीत.

घडलं ते भर दुपारी. भुताला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही.

पत्र्याला जस्त चढवायचा कारखाना. मालकाला तो बंद करायचा होता. शंभर कामगार असले तर बंद करायला सरकारची परवानगी लागणार. एक जरी कमी भरला, तर मालकाला रान मोकळं.

आणि सुभाष गेल्यावर उरले नव्व्याण्णव.

त्याच दुपारी लेबर ऑफिसर मोजायला आले. पटांगणात तेहेतिसाच्या तीन रांगा लागल्या. तिसऱ्या रांगेच्या टोकाला रावसाहेब. त्यांच्या डावीकडे कोणी नाही. नुसतं ऊन.

"काय पुढारी," शेजारचा शिवराम दातओठ खात म्हणाला, "फोडू शकत नाय ना कोण? माझी तीन पोरं तुझ्या घरी जेवायला पाठवतो उद्यापासून."

मॅनेजर अरविंदसाहेब समोर किल्ल्या खुळखुळवत उभे. "मोजा, मोजा. कुलूप मी आणूनच ठेवलंय."

ऑफिसर पेन्सिल रोखत निघाले. पहिली रांग, तेहेतीस. दुसरी, तेहेतीस.

तिसरी...

"चौतीस. एकूण शंभर."



"चुकलं तुमचं!" अरविंदसाहेब ओरडले. "परत मोजा!"

परत मोजलं... शंभर.

तेवढ्यात रावसाहेबांना वास आला.

अ‍ॅसिडचा.

पत्रे धुवायची अ‍ॅसिडची टाकी तर दोन महिने कोरडी पडली होती.

त्यांनी मान वळवली नाही. फक्त नजर खाली नेली. डावीकडच्या तापलेल्या सिमेंटवर... दोन ओले पाय उमटले होते. सुकत नव्हते.

दिवाळे गावचा किसन कोळी.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीत तो त्याच टाकीत पडून मेला. टाकीवरची फळी कुजलेली होती. कागदावर आलं, 'स्वतःच्या चुकीने'. वर सही अरविंदसाहेबांची, खाली साक्षीदार रावसाहेब. कराराची बोलणी चालू होती. उगाच वातावरण बिघडायला नको.

"हटा! मी मोजतो," म्हणत अरविंदसाहेब स्वतः निघाले. एकेकाच्या छातीला बोट लावत. शिवराम बत्तीस. रावसाहेब तेहेतीस.

मग त्यांनी बोट पुढे केलं, रिकाम्या उन्हात...

आणि ते कशाला तरी टेकलं.

साहेबांनी हात मागे घेतला. बोटाचं टोक भाजल्यासारखं लाल झालं होतं.

"शंभर," ते हळूच म्हणाले. कागदावर सही केली आणि मागे न बघता केबिनमध्ये गेले.

एकच जल्लोष झाला. "चौतिसावा कोण रे?" कोणीतरी विचारलं.

"तुजा बाप!" शिवराम खेकसला. "शंभर भरले ना? गप बस की."

कारखाना आणखी तीन वर्षं चालला. दर मोजणीला शंभर. ते कसे, हे बाकी कोणाला आजतागायत कळलेलं नाही. रावसाहेब मात्र अजून दुधाच्या रांगेतसुद्धा डावीकडे माणसाएवढी जागा सोडतात. कोणी तिथे घुसलं तर दूध न घेताच घरी येतात.

त्या दुपारी पुढे काय झालं, ते त्यांनी आत्याला निवृत्तीनंतर सांगितलं.

पोरं नाचत गेटकडे गेली. पटांगणात रावसाहेब एकटे. वास हटत नव्हता. मग अगदी कानाशी...

"रावसाहेब."

त्यांनी डोळे गच्च मिटले. आता हा त्या सहीचं विचारणार.

"मी येत जाईन रोज," तो म्हणाला. "पन मला पयलीच पाली लावा. दुसरी सुटल्यावर दिवाल्याला जायला गाडी मिलत नाय."