शेवटच्या रांगेतली खुर्ची

चिमणीचं लग्न ठरलं आणि मामाने हॉल बघायला सुरुवात केली. बघायला म्हणजे खरं तर ऐकायला. माणसाचं सगळं आयुष्य नाटकांना आणि सभांना माईक-स्पीकर लावण्यात गेलेलं! दार उघडून आत गेला की तो हॉलच्या मधोमध उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि एक खणखणीत टाळी वाजवायचा. मग मान तिरकी करून ती टाळी कुठे कुठे फिरून येते ते ऐकत राहायचा. इतर लोक विचारतात, गाड्या कुठे लावायच्या, जेवणाची सोय कशी आहे. हा बाबा विचारणार, "छताला आतून काय लावलंय हो?" हॉलवाले पार गडबडून जायचे.

"अहो, रिसेप्शन करायचंय, रेडिओ केंद्र काढायचं नाही," मामी म्हणायची. हिंडून हिंडून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. "लोक येतील, हात मिळवतील, जेवतील आणि घरी जातील. कोण ऐकतंय तिथे?"

"मी ऐकतोय," मामा म्हणायचा. की विषय संपला.

खरं कारण मामीला ठाऊक होतं, म्हणून ती कुरकुरायची पण अडवायची नाही. चिमणीचे आईवडील अपघातात गेले तेव्हा ती एवढीशी होती. मामाकडे आली ती मुकी होऊनच. डॉक्टर झाले, खाऊ झाला, लाडीगोडी झाली. पोर तोंडातून अक्षर काढेना. शेवटी एक दिवस मामाने तिला रिकाम्या नाट्यगृहात नेलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि पुढ्यात माईक धरला. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. ती दचकली, हसली, आणि अगदी हळू म्हणाली, "कोण आहे?" त्या दिवशी मामा लहान मुलासारखा रडला होता.

तीच चिमणी आता बसस्थानकावर घोषणा करायची. आवाज असा, की गाडीला उशीर आहे असं तिने सांगितलं तरी लोक रागवायचं विसरायचे. रिसेप्शनला ती चार वाक्यं बोलणार होती. काय बोलणार ते कुणाला सांगत नव्हती. मामाला ती चार वाक्यं नीट ऐकायची होती, एवढीच त्याची हौस, आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप.

हा शेवटचा हॉल त्यांना कुणी सुचवला ते नंतर तिघांपैकी कुणालाच आठवेना. दुपारची वेळ होती. रस्त्यावर हॉर्न, हातगाड्या, कुठेतरी ड्रिलचा कर्कश आवाज. दार मागे लागलं आणि ते सगळं एकदम तुटलं, कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. आत मेणाचा वास होता आणि फुलांचा. फूल मात्र एकही दिसत नव्हतं. उंच खिडक्यांतून ऊन लाकडी जमिनीवर उतरलं होतं. समोर बेताच्या उंचीचं स्टेज, आणि खुर्च्यांच्या रांगा आधीच मांडलेल्या.

"अगंबाई!" मामी म्हणाली. फिरायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला. "काय देखणा आहे हो!"

हॉल सांभाळणारी बाई पुढे आली. राखाडी कपडे, केस घट्ट बांधलेले. कुणीही बोललं की ती टक लावून त्याच्या ओठांकडे बघायची, आणि मगच उत्तर द्यायची.

"बघून घ्या," ती म्हणाली. "बसूनही बघा हवं तर..."

मामाने मधोमध जाऊन टाळी वाजवली. टाळी गेली आणि परत आलीच नाही. ना घुमली, ना भिंतीवर आपटली. सबंध हॉलने ती अलगद गिळून टाकली. मामाच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. असा हॉल! जन्मभर त्याने कुठे पडदे टांगले, कुठे भिंतींना गाद्या लावल्या, आणि इथे हे आयतं!

"चिमणे, चढ वर! काहीतरी बोल. मी मागे बसतो."

तो शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत जाऊन बसला. चिमणी स्टेजवर उभी राहिली, आणि साध्या आवाजात, माईकशिवाय, आकडे मोजू लागली. मामाला वाटलं ती आपल्या खांद्याशी उभी राहून बोलतेय. प्रत्येक अक्षर स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं. "वा!" तो स्वतःशीच म्हणाला. "वा गं माझ्या राणी!"

मग त्याच्या लक्षात आलं. कानात "चार" आलं तेव्हा तिचे ओठ अजून "तीन" म्हणत होते.

लांबून आवाज उशिरा येतो, हे त्याला पाठ होतं. पण आधी? त्याने डोळे चोळले. मोठ्याने सांगितलं, "थांबू नकोस, बोल अजून!" चिमणीला वाटलं मामा खूश झालाय. तिने हसून रोजची घोषणा सुरू केली. कुठली गाडी कुठे उभी आहे, हे तिच्या ओठांवरून त्याला सहज कळत होतं. कानात मात्र वेगळंच येत होतं.

"नमस्कार. मी रोज शेकडो लोकांशी बोलते, पण ते मला दिसत नाहीत. आज सगळे दिसताय, म्हणून जरा घाबरले आहे..."

मामा खुर्चीत ताठ झाला. हे तिचं भाषण होतं. अजून कुणासमोर न केलेलं.

तेव्हाच उठायला हवं होतं, नाही का? पण हाडाचा आवाजवाला तो! असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. तिच्या गळ्यातला मुलायमपणा, शब्दाच्या टोकाला येणारं ते हसू, सगळं सगळं त्या हॉलने त्याच्या ओंजळीत आणून ओतलं होतं. भीती वाटत होती आणि उठवत नव्हतं. "अजून..." तो म्हणाला. "अजून थोडं, चिमणे..."

"मी लहान होते तेव्हा माझा आवाज हरवला होता. तो एका माणसाने शोधून आणला. तो माणूस आज तिकडे मागे, मशीनच्या मागे लपून बसलाय. आणि मामा, तू..."

आवाज थांबला.

मामा वाट बघत राहिला. स्टेजवर चिमणीचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते, मामी पहिल्या रांगेत बसून हसत होती. कानात काहीच नव्हतं. शांतता नव्हे... शांततेलाही आपला एक आवाज असतो. हे तिच्याही पलीकडचं होतं.

तो धडपडत उठला. खुर्ची सुटताच चिमणीचा आवाज धाडकन परत आला. "मामा! अरे, काय झालं? पांढराफटक पडलायस!"

"काही नाही. चला. आधी बाहेर चला..."

दाराशी ती बाई उभी होती. त्याच्या ओठांकडे बघत हळूच म्हणाली, "फार वेळ बसलात हो..."

हॉल नाकारला म्हणून चिमणी रुसली, मामीने तर डोकंच धरलं. "अहो, इतका सुंदर हॉल! खोट काय काढलीत त्यात?" मामाने आधी बघून सोडलेला एक पत्र्याच्या छताचा, वाईट घुमणारा, स्वयंपाकाचा आवाज थेट स्टेजवर येणारा हॉल ठरवून टाकला. चिमणीचा आवाज शाबूत होता. घरात ती चिडवायची, भांडायची, नवऱ्या मुलाशी तासन्‌तास फोनवर बोलायची. मामा दाराआडून ऐकायचा आणि सुस्कारा सोडायचा. पण मनातली धाकधूक जाईना. ते वाक्य तुटलं होतं. त्या शब्दावर पोरीचं काय होणार होतं? पुन्हा मुकी होणार? की त्याहून वाईट?

"भाषण राहू दे गं," तो दोनदा म्हणाला.

"वा रे वा! जगाला माईक देतोस आणि मला नाही?"

रिसेप्शनच्या संध्याकाळी पत्र्याखाली नुसता गोंगाट. पोरंटोरं धावतायत, ताटल्या वाजतायत. मामा आपल्या मशीनमागे बसला होता, कानाला हेडफोन, हात बटणांवर. चिमणी माईकसमोर आली. इतकी सुंदर दिसत होती की त्याला क्षणभर सगळ्याचा विसर पडला.

"नमस्कार. मी रोज शेकडो लोकांशी बोलते, पण ते मला दिसत नाहीत..."

शब्दन्‌शब्द तेच. लोक गप्प झाले. पोरंसुद्धा थांबली. वाक्य जवळ येत होतं. माईक बंद करावा, वीज घालवावी, पळत जाऊन तिचं तोंड दाबावं... "तो माणूस आज तिकडे मागे, मशीनच्या मागे लपून बसलाय." माना वळल्या, हशा पिकला. "आणि मामा, तू..."

मामाने तिच्या माईकचं बटण खाली ओढलं.

आवाज गेला. चिमणीचे ओठ हलत राहिले. चला, आपणच बंद केला, म्हणून ऐकू येत नाही, त्याने स्वतःला समजावलं. पण ती थांबली कशी नाही? शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने कानामागे हात धरला आणि ओरडून सांगितलं, "अहो, आवाज वाढवा की! किती छान बोलतेय पोरगी!"

मामाने बटण पुन्हा वर नेलं.

लोक हसले. मग हळूहळू गप्प झाले. मामीने डोळ्यांना पदर लावला. नवरा मुलगा तिच्याकडे असा बघत होता की काय सांगावं. म्हणजे ती बोलत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं! मामाच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच क्षणी त्याला कळलं.

त्याला ताटल्या ऐकू येत होत्या. पत्र्यावर चालणारं मांजर ऐकू येत होतं. हेडफोनमधून तिचा श्वासही ऐकू येत होता. शब्द मात्र एकही नाही. त्या दुपारी वाक्य तुटलं होतं ते तिच्याकडून नव्हे, त्याच्याकडून. त्याच्या वाट्याचे तिचे शब्द त्याने त्या खुर्चीतच ऐकून संपवले होते.

समोर मशीनवर हिरवे दिवे तिच्या आवाजाबरोबर चढत होते, उतरत होते. एका शब्दाला ते अगदी टोकापर्यंत गेले आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. चिमणी त्याच्याकडेच बघत होती, ओल्या डोळ्यांनी, उत्तराची वाट बघत. मामाने मान हलवली, हसला. शेजारी येऊन बसलेल्या नवऱ्या मुलाच्या काकू म्हणाल्या, "काय गोड आवाज आहे हो तुमच्या भाचीचा!"

"आहेच," मामा म्हणाला. चिमणी पुन्हा बोलायला लागली होती. त्याने दिव्यांवर नजर ठेवली आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासाठी आवाज किंचित वाढवला.