अकरावी ओवाळणी

सांगलीजवळच्या कुपवाडात लेथवर काम करणाऱ्या सिद्धूला पैशाचा मोह नव्हता, नंबरांचा होता. नंबर वाचल्याशिवाय त्याच्या हातून नोट सुटायची नाही. मुलगी बघायला गेला, तेव्हा मुलीच्या आजोबांनी हातावर ठेवलेली नोट तो उजेडाकडं धरून वाचत बसला. स्थळ गेलं. नोट मात्र ४२०४२० निघाली, त्यामुळं त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

त्याला आयुष्यात एकच नोट हवी होती. सहाही आकडे एक, ११११११.

दिवाळीआधी नोटा जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. वाईतलं शिलाईचं दुकान, भिंतीवर काचेची फ्रेम, आत दहा रुपयांच्या दहा कोऱ्या नोटा. सिद्धूनं फोटो मोठा केला. १११०१ नव्हे, नीट मोजलं, ११११०१. तिथून ओळीनं १११११० पर्यंत. पुढची जागा रिकामी.

म्हणजे उरलेली गड्डी कुणाकडं तरी होती आणि तिच्यात सर्वांत वरची नोट तीच होती.

सिद्धूला बहीण नव्हती, त्यामुळं भाऊबीज म्हणजे निव्वळ सुट्टी. त्या दिवशी तो सांगलीहून सातारा आणि साताऱ्याहून वाई असा एसटीनं पोचला. दिवस मावळायला आला होता. दुकानवाली अंकिता बत्तीखाली ब्लाऊजला हूक लावत होती. दारात तिची सासू साळूबाई बसली होती.

"ताई, त्या नोटा कुठल्या?" सिद्धूनं जमेल तितकं गोड तोंड करून विचारलं.

"ओवाळणीच्या हायत. विकायच्या न्हाईत."

"विकू नका. गड्डी कुणाकडं हाय तेवढं सांगा."

अंकिताचा हात थांबला. "माझ्या भावाकडं हुती. कृष्णात नाव त्याचं. मिलिटरीत हुता. दर भाऊबीजेला त्यातली एक ताटात टाकायचा. म्हणायचा, शंभर वर्षांची सोय केलीया."

"मग त्येंनाच भेटतो की."

"सहा वर्सं झाली. गाडी दरीत जाऊन पेटली. गड्डी खिशातच असायची त्याच्या."

सिद्धूनं फ्रेमकडं पाहिलं. "आणि पहिली ओवाळणी कवाची?"

"धा वर्सांमागची."

त्यानं मनात हिशेब केला. भावानं टाकलेल्या चार. नोटा दहा.

"मग या सहा?"

"भाऊ न्हाई म्हणून चंद्राला ओवाळते. ताट गच्चीच्या कठड्यावर ठेवते, पाणी आणायला खाली येते. परत जावं तर सुपारीखाली नोट. सासूबाईच ठेवतात. कबूल करत न्हाईत एवढंच."

"मी?" साळूबाई फिस्कारली. "मी ठेवली असती तर अकरा ठेवलं असतं. धा कोण ठेवतं गं?"

कुणी हसलं नाही. अंकितानं तबक घेतलं आणि तिघं गच्चीवर आली. पश्चिमेला काळं आभाळ भरून आलं होतं. बीजेची कोर, दिसते तीच घटकाभर. अंकिता तबक धरून उभी राहिली. निरांजन फडफडत होतं. आभाळ हललं नाही.

"एक वर्स चुकलं न्हवतं," ती म्हणाली.

सिद्धूला ११११११ चा विसर पडला. हे त्याच्याबाबतीत प्रथमच घडत होतं.

साळूबाईनं त्याच्याकडं बोट केलं. "आरं ए, मघाशी ताई म्हणालास न्हवं? का सौद्यापुरतं? बस पाटावर."

तो बसला. उघड्या डोक्याला ओवाळत नाहीत, म्हणून साळूबाईनं खालून खुंटीवरची लोकरी टोपी आणली. "कृष्णातची हाय. सहा वर्सं लटकतीया, धूळ झटक."

सिद्धूनं टोपी घातली.

टोपी आतून गरम होती. नुकतीच कुणी काढून ठेवावी तशी.

अंकितानं कुंकू लावलं. तबक फिरलं. तिचे डोळे भरले होते, म्हणून त्यानं घाईनं वरच्या खिशात हात घातला. कंडक्टरनं परत दिलेली दहाची मळकी नोट तिथं होती. नंबर न वाचता त्यानं ती ताटात टाकली.

बोटांना ती कोरी लागली.

निरांजनाच्या उजेडात सिद्धूनं आकडे वाचले. एक. एक. एक. एक. एक. एक.

त्याचा हात आपसूक ताटाकडं गेला.

"काय झालं, दादा?"

दादा त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि ताटात पडलेली ओवाळणी माघारी घेत नाहीत. त्यानं हात मागं घेतला. "काय न्हाई. निरांजन सरळ करत हुतो."

टोपी त्यानं स्वतःच्या हातानं खुंटीला लावली.

शेवटच्या एसटीत तो खिडकीशी बसला. तिकिटाला सुटे काढायला वरच्या खिशात हात घातला, तर खिसा जड लागला. आत नोटांचं पुडकं होतं. बँकेची कागदी पट्टी एका कडेनं जळून काळी पडलेली, धुराचा वास अजून येत होता. वरच्या नोटेवर १११११२.

सिद्धूनं साताऱ्यापर्यंत ती गड्डी दोनदा मोजली. एकोणनव्वद. दर भाऊबीजेला एक.

त्याचं वय एकतीस होतं.