चाळीस किलोंतली घोडी

तुम्ही पृथ्वीवरची मुलं स्वतःला फार हुशार समजता, तर हे कोडं सोडवा. चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीच्या मानाने सहावा हिस्सा भरतं. छताला लावायची जी पाटी तुमच्याकडे साठ किलो भरेल, ती इथे हाताला दहा किलोंसारखी लागते. मग छतं लावण्यात तीस वर्षं घालवलेली एक शहाणीसुरती बाई ती पाटी हाताने न उचलता यंत्रावर का चढवते? आणि ते यंत्र पृथ्वीवरून स्वतःच्या सामानातून का आणते?

हे कोडं सुटायला मला एक पाटी फोडावी लागली. तुम्हाला फुकटात सांगते.

मी येसू. वय बारा, राहणार सोनतळ वस्ती, चंद्र. आमची वस्ती लाव्हानळीत आहे (म्हणजे फार पूर्वी लाव्हारस वाहून गेल्यावर मागे उरलेल्या पोकळ बोगद्यात). मी इथे आले तेव्हा दीड वर्षाची होते, त्यामुळे पृथ्वी मला फोटोतल्या आत्येइतकीच ओळखीची.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला खासगी सामान म्हणून चाळीस किलो आणता येतात. कुणी तबला आणतं, कुणी लोणच्याच्या बरण्या. बाबांनी चाळीसातले अर्धे किलो पुस्तकांत घालवले म्हणून आई अजून बोलते. लातूरच्या शर्वरीमावशी पांचाळने मात्र घोडी आणली. घोडी म्हणजे खाली चाकं लावलेली तीन पायांची बैठक, मधे नळीत नळी बसवलेला खांब, वर पाटी झेलायला दोन लांब दांडे आणि बाजूला तारेचा दोर गुंडाळणारं चाक. त्या चाकाची मूठ फिरवली की नळीतून नळी बाहेर येते आणि खांब उंच होतो. घोडी अडतीस किलोंची. उरलेल्या दोन किलोंत मावशीचे कपडे आणि एक चुंबळ, बायका डोक्यावर हंडा ठेवताना खाली घेतात तसली कापडाची.

अख्खी वस्ती हसली होती. चंद्रावर वजन उचलायचं यंत्र आणणं म्हणजे समुद्रावर जाताना पाण्याची बाटली नेणं, असं बाबा म्हणाले होते. त्यावर मावशी म्हणाली, "समुद्रावर बाटली लागतेच की. ते पाणी पिऊन बघा एकदा."

आता माझं दुखणं ऐका. आईला बाळ होणार होतं, वस्तीतलं पहिलंच. त्याच्यासाठी बाळंतिणीची खोली बांधायला घेतली होती. भिंती झाल्या, पण छत उघडं होतं आणि त्यातून चंद्राची धूळ झिरपायची. ही धूळ पिठाइतकी बारीक आणि काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार असते. नवजात बाळाच्या छातीत ती गेलेली चालणारच नाही, असं आमच्या डॉक्टर निलोफर बागवान यांनी बजावलं होतं. शनिवारी सकाळी त्या खोलीतली धूळ मोजणार होत्या. धूळ जास्त निघाली तर त्याच दुपारच्या यानाने आईला पृथ्वीवर जावं लागणार होतं. पुढचं यान सात महिन्यांनी, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला प्रवास नाही. माझी हाडं चंद्रावर वाढलेली, त्यामुळे पृथ्वीवर जायला मला आधी आठ महिने तयारी करावी लागली असती. थोडक्यात, आई निदान वर्षभर नाही. मला ते अजिबात नको होतं. बाळही मला इथेच हवं होतं.

एकूण पाट्या चोवीस, चंद्राची माती दाबून केलेल्या. एक पाटी वाळायला भट्टीत बारा दिवस लागतात, त्यामुळे जादा एकही नव्हती. बुधवारी दुपारी सात पाट्या उरल्या. मावशी एकटीच काम करायची, दिवसाला चार पाट्या. सांध्यांत भरलेली पुट्टी वाळायला शुक्रवार मोकळा ठेवावा लागणार होता. म्हणजे बुधवारच्या उरलेल्या वेळात दोन, गुरुवारी चार. एक पाटी कमी पडत होती.

मी दाराशी उभी राहून तिचं काम बघत होते आणि माझा जीव वर-खाली होत होता. मावशी मूठ फिरवायची, कट कट कट, आणि पाटी गोगलगायीसारखी वर सरकायची. मी मनात म्हटलं, अगं, हाताने उचल ना ती, दहा किलोंची तर आहे.

मावशी जेवायला गेली आणि मी खोक्यावर चढले.

पाटी उचलली, तळव्यांवर आडवी धरली. लांबीने माझ्या दीडपट, पण खरंच हलकी. गुडघे वाकवले आणि छताकडे जोरात ढकलली. पाटी निघाली. छान निघाली. फक्त थांबायचं नाव घेईना. मी तिला बोटांनी मागे ओढायला गेले, तर माझेच पाय खोक्यावरून सुटले आणि तिच्याबरोबर मीही वर चालले. तिचा एक कोपरा छताच्या लोखंडी पट्टीवर आदळला, कच्चकन आवाज आला आणि तळहाताएवढा तुकडा सुटा झाला. चंद्रावर वस्तू पडतातही सावकाश, त्यामुळे माझी फजिती मला नीट बघायला मिळाली. आधी मी खाली आले, मग तुकडा, मग पाटी. ती पुट्टीच्या पोत्यांवर पडली म्हणून बाकीची वाचली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी जमिनीवर बसून रडायला लागले.

मावशी आली. तिने पाटी पाहिली, तुकडा उचलला, कोपऱ्याला लावून बघितला. मग विचारलं, "तुला कुठे लागलं का?"

"नाही."

"जेवलीस?"

"मावशी, आई जाणार आता. माझ्यामुळे."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मावशी म्हणाली, पण रागावून नाही. "डोळे पूस आणि तिकडे भिंतीशी उभी राहा. आईचं मग बघू."

तिने एक धड पाटी घोडीकडे आणली. आधी ती पाटी तिरकी टेकवते, खालची कड दांड्यांना असलेल्या आकड्यांवर (हुकांवर) बसवते आणि मग दांडे आडवे करते. अख्खी पाटी अशी एकटीने ताटासारखी आडवी होते. मग तिने चाकांचे अटकाव काढले आणि घोडी माझ्याकडे ढकलली. "थांबव हिला."

मी दोन्ही हात पुढे केले. घोडी सावकाश आली, हाताला लागली आणि मला घेऊनच मागे गेली. माझे बूट फरशीवरून सरकत गेले आणि पाठ भिंतीला टेकली, तेव्हा कुठे ती थांबली.

"आता सांग. पाटीचं वजन कुणाच्या अंगावर होतं?"

"घोडीच्या."

"तुझ्या अंगावर किती?"

"काहीच नाही."

"मग तुला ढकललं कुणी?"

याला म्हणतात कोडं.

मावशी खोक्यावर टेकली. "हे बघ. वजन म्हणजे चंद्र किंवा पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ते. चंद्राची ओढ कमी, म्हणून वजन कमी. पण पाटीतली माती कमी झाली का?"

"नाही. तेवढीच आहे."

"तिला म्हणायचं वस्तुमान (वस्तूत भरलेला एकूण ऐवज). ते इथे साठ किलोच, पृथ्वीवर साठ किलोच, आणि कुठेच ओढ नसेल तिथेही साठ किलोच. जितकं वस्तुमान जास्त, तितका वस्तूचा हट्ट जास्त. थांबलेली असेल तर हलायचं नाही, चालायला लागली तर थांबायचं नाही. या हट्टाला जडत्व म्हणतात. चंद्राने पाटीचं वजन कमी केलं, हट्टाला हात लावला नाही."

"पण मग पाय का घसरले माझे?"

"कारण तूही हलकी झालीस. जमिनीवर तुझा दाब कमी, म्हणून बुटांची पकड कमी. समोर पाटी तेवढीच हट्टी, आणि तू मात्र पायच न टेकलेली."

मला एकदम पटलं. इथली आम्ही पोरं हलकं म्हणजे सोपं असंच समजतो. पृथ्वीवरचं पोर ती पाटी उचलायलाच गेलं नसतं.

"मग घोडी काय करते?" मी विचारलं.

"तू सांग. मूठ फिरव आणि नीट बघ."

मी फिरवली. माझा हात मोठ्या वर्तुळात फिरून आला, जवळजवळ माझ्या उंचीइतकं अंतर, आणि तेवढ्यात पाटी जेमतेम चार बोटं वर गेली. मी परत फिरवली. परत चार बोटं.

"हाताला खूप अंतर, पाटीला थोडं," मी म्हटलं.

"त्याबदली हाताला जोर थोडा, पाटीला खूप. जगात काही फुकट नसतं. जोर वाचवायचा तर अंतर जास्त चालायचं. पृथ्वीवर घोडीचा मला तोच फायदा होता. इथे दुसरा आहे. आठव, मघाशी तुझा जीव कशाने जात होता?"

"ती हळू जाते याने."

म्हटलं आणि मीच थांबले. हळू जाते. वेग घेतच नाही, म्हणून थांबवायला काही उरतच नाही. ज्या गोष्टीवर मी वैतागले होते, तीच घोडीची करामत होती.

"आणि ते कट कट?"

"तो खटका. चाकाच्या दात्यात अडकतो आणि चाक उलटं फिरू देत नाही. मूठ सोडली तरी पाटी आहे तिथेच. तोच माझा तिसरा हात." मावशीने घोडीला टांगलेली चुंबळ काढली. "माझ्या उमेदीच्या काळात घोडी नव्हती आमच्याकडे. ही डोक्यावर ठेवायची, तिच्यावर पाटी टेकवायची, मान ताठ करायची आणि दोन्ही हातांनी स्क्रू मारायचे. एका पाटीला तीन माणसं लागायची. बारा वर्षं असं केल्यावर मानेने राजीनामा दिला. मग घोडी घेतली आणि एकटी कामाला लागले. ती तिथे ठेवून इथे यायचं म्हणजे हात ठेवून येण्यासारखं झालं असतं."

मी त्या चुंबळीकडे बघत राहिले. दाबून दाबून ती भाकरीसारखी चपटी झाली होती. अख्खी वस्ती ज्या बाईला हसली होती, तिला यान सुटायच्या आधीच माझ्या कोड्याचं उत्तर ठाऊक होतं. मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला.

"पण मावशी, फुटलेली पाटी?"

तिने वर बोट दाखवलं. खोलीच्या एका कोपऱ्यात हवेचा नळ छतातून खाली येत होता. "तिथल्या पाटीचा कोपरा मला कापायचाच होता. तुझा तुकडा त्यापेक्षा लहान निघालाय. करवतीने कड सरळ केली की झालं."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"आल्या आल्या कळलं. आधी सांगितलं असतं तर पुढचं ऐकलं असतंस का?"

खरं होतं, ऐकलं नसतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या हाताखाली लागले. स्क्रू मोजून द्यायचे, पुढची पाटी भिंतीशी आणून ठेवायची. एवढ्यानेही वेळ वाचत होता. सहा वाजता शेवटची पाटी उरली, नळाच्या कोपऱ्यातली, आणि मावशीची मान धरली. तिला वर बघताच येईना.

"आता तूच," ती म्हणाली. खोक्यावर बसली आणि हात मांडीखाली दाबून ठेवले, मधे यायचा मोह होऊ नये म्हणून.

मी कड आकड्यांवर बसवली. दांडे आडवे केले. घोडी कोपऱ्याखाली सावकाश नेली आणि ती थांबावी तिथल्या हातभर आधीपासूनच तिला थोपवायला लागले. चाकांना अटकाव लावले. मूठ धरली. कट कट कट. पाटी वर गेली, कापलेला कोपरा नळाच्या कडेने अलगद सरकला आणि पाटी पट्ट्यांना टेकली. मी मूठ सोडली. पाटी हलली नाही. मग शिडीवर चढून दोन्ही हातांनी एकेक स्क्रू मारला, सगळे अठ्ठावीस. खाली कुणीही काही धरलेलं नव्हतं.

घोडी उतरवली तेव्हा मावशीने मान कशीबशी तिरकी करून वर बघितलं. "सांधा माझ्यापेक्षा बरा आलाय," ती म्हणाली. तो तसा आला नव्हता, पण मला त्या दिवशी तिच्याशी भांडायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी आईची बॅग दाराशी भरून तयार होती. डॉक्टर बागवान धूळमापी घेऊन खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आई, बाबा, मावशी आणि मी. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. वीस मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे, मग बॅगेकडे.

"कपडे परत कपाटात लावा," त्या म्हणाल्या.

आई मावशीच्या गळ्यात पडली आणि दोघी रडल्या. मीही रडले. ते दुसऱ्या प्रकारचं होतं.

आता आमची किमया चार महिन्यांची झाली आहे. त्याच खोलीत ती उताणी पडून छताकडे बघत असते. चोवीस पाट्या आहेत, पण ती बघते नळाजवळचा कापलेला कोपराच, आणि हसते. आईला वाटतं, नळातून येणाऱ्या हवेला हसते.

मोठी झाले की मी मंगळावर जाणार आहे. तिथे नव्या वस्त्या होतील आणि वस्त्यांना छतं लागतीलच. तिथे वजन भरतं पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. पाटीचा हट्ट मात्र तेवढाच असणार, हे मला इथूनच माहीत आहे. घोडी सुटी करायची आणि जोडायची कशी, हे मावशी मला दर रविवारी शिकवते. तिच्यानंतर ती माझी, असं ठरलं आहे.

खासगी सामान तेव्हाही चाळीस किलोच मिळेल म्हणतात. अडतीस घोडीचे. उरलेल्या दोन किलोंत माझे कपडे आणि मावशीने जपून ठेवलेला तो तळहाताएवढा तुकडा.